आधी कच्चा टाका

बाळा, दूध संकलन केंद्रासाठी ॲप करायला घेतलंस, असं दादाकडून कळलं. पुढच्या आठवड्यात संगमनेरकडच्या केंद्रांवर जाणार आहेस म्हणे. जाण्याआधी आत्याचं थोडं ऐकून जा.

तुझी आजी शिवणकाम करायची. पक्की शिलाई मारण्याआधी ती कच्चे टाके घालून कापड अंगावर चढवून बघायची. काखेत ओढ बसतेय का, खांदा उतरतोय का, हे अंगावर घातल्याशिवाय कळत नाही. कच्चा टाका चिमटीत धरून ओढला की निघतो, पक्की शिलाई उसवताना कापड विरतं. तुझा प्रोटोटाइप म्हणजे तो कच्चा टाका.

हे मी नुकसान सोसून शिकले. आम्ही आठ महिने खपून असंच एक ॲप पूर्ण केलं आणि मग पहिल्यांदा केंद्रावर नेलं. आत शिरायला ओटीपी लागायचा. खात्याला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा नोकरीला चाकणला. पहाटे साडेपाचला त्याला उठवून ओटीपी कोण विचारणार? पडद्यावर 'जमा १२.४' असं लिहिलेलं. आम्हाला लिटर म्हणायचे होते, समोरच्या काकूंनी वाचले पैसे. 'एवढेच?' म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तो एक शब्द चिठोऱ्यावर लिहून आधी कुणाला दाखवला असता, तर आठ महिन्यांआधीच कळलं असतं.

म्हणून पहिला नमुना कागदावर कर. फिग्मासारखं डिझाइनचं साधन नंतर. वहीचं पान फोनएवढं काप, एका पानावर एकच पडदा, पेन्सिलीने काढ. कागदावर आकडे खरे घाल: सकाळ १२.४ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) ८.५, दर, पेंडीची कपात. खोटे आकडे दिसले की माणूस चित्र बघतो, स्वतःचा हिशोब बघत नाही. बोट ज्या बटणावर पडेल त्याचं पुढचं पान तू समोर ठेवायचं. फोन तूच आहेस असं समज. जेफ हॉकिन्स यांनी पामचा 'पायलट' हा खिशातला संगणक बनवण्याआधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून दिवस काढले होते, आणि ते यंत्र १९९६ साली बाजारात आलं. आपल्याला तर वही पुरते.

कागद नेण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपली माणसं पाहुण्याला दुखवत नाहीत. रंगीत, गुळगुळीत पडदा दाखवलास तर 'छान केलंय' म्हणतील, चहा पाजतील, आणि तू रिकाम्या हाताने परत येशील. पेन्सिलीचं पान दिसलं की तीच माणसं म्हणतात, 'हे इथं कशाला? वर घ्या की.' कच्च्या कामाला हात लावायला कुणी कचरत नाही.

दाखवायचं कुणाला, तर सरपंचांना नको, केंद्रचालकांच्या कॉलेजातल्या मुलालाही नको. खातं घरधन्याच्या नावावर असलं तरी धार काढणारी आणि किटली घेऊन येणारी बाई शोध. पहाटेच्या गर्दीत तिला अडवू नकोस. दूध घालून झालं, जनावरांचं वैरण-पाणी झालं, की घरी जा. आधीच सांग, 'परीक्षा या कागदाची आहे, तुमची नाही.' मग 'आवडलं का?' हा प्रश्न तोंडातून काढू नकोस. काम दे. 'काल संध्याकाळी फॅट किती लागली, शोधा बरं.' 'पेंडीचे पैसे कापून या दहा दिवसांचं किती येणार?' आणि गप्प बस. बोट अडखळलं की सांगावंसं वाटेल. मनात दहा आकडे मोज. ती शांतता फार जड जाते, पण तू बोट दाखवलंस की ती चाचणी तिथेच संपली. बोट कुठे गेलं आणि तोंडातून कोणता शब्द निघाला, एवढंच लिहून घे. 'लागली', 'कपात', 'पेमेंट' हे तिचे शब्द आहेत. बटणावर तेच येऊ देत.

पाच जणी झाल्या की थांब. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली हेच मांडलं होतं: पंधरा जणांची एक फेरी करण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या कराव्यात, मधे दुरुस्ती करून.

आकड्यांचं एकक जपून निवड. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले इरिगेशन शेड्युलर' पिकाला पाणी कधी आणि किती द्यायचं ते सांगतं. त्यामागचं शास्त्र बाष्पपर्णोत्सर्जनाचं, मिलिमीटरचं. बांधावरचा माणूस मात्र विचारतो, मोटर किती तास चालवू? तुझ्याकडे दुधातही असाच प्रश्न येईल: ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा पायाभूत दर तिला ठाऊक असतो, पण आज दर का उतरला, हे ऐकायचं असतं.

आणि चूक सुधारायची वाट पहिल्याच कागदावर ठेव. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद फोनवर स्वतः करायची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. नोंद केल्यापासून ४८ तासांत ती एकदा दुरुस्त करायची सोय २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पिकाचा फोटो गटापासून लांब उभं राहून काढला तर तसं सांगण्याची सोयही त्याच वेळची. राज्याएवढ्या कामाला वापरातूनच शिकावं लागलं, पण तुला पाच घरांत हे कळू शकतं.

कागद जमला की फोनवर घे, आणि तो फोन उन्हात, ओल्या हातांनी, रेंज नसलेल्या वाडीवर वापरून बघ. घरातला उजेड सगळं चांगलं दाखवतो.

दुसऱ्या फेरीला त्याच पाच घरांपैकी एका घरी आधी जा. तिथल्या बाईने पेन्सिलीने खोडलेलं जुनं पान आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे बदललेलं नवं पान, दोन्ही तिच्यापुढे ठेव.