फाटलेला स्पीकर आणि पतंगाचा कागद



स्नेहसंमेलन चार दिवसांवर आले होते आणि तालमीत शाळेच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधून सुरांबरोबर ‘फर्र फर्र’ असा आवाज येऊ लागला. समोरचे कापड काढून पाहिले तर स्पीकरच्या कागदी शंकूला, म्हणजे कारागीर ज्याला ‘कोन’ म्हणतात त्याला, बोटभर लांब चीर गेलेली! सामान हलवताना माइकचा स्टँड आत घुसला होता. ज्याच्या हातून हे झाले त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितले, तेव्हा तो विषय आम्ही तिथेच संपवला. मात्र दुरुस्तीच्या वेळी त्याला शेजारी बसवून घेतले.

दुकानात विचारले तर “नवा बसवा, साहेब” असे उत्तर मिळाले. विश्वस्त मंडळाने खर्चाला मंजुरीही दिली. पण आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहू, असे आम्ही ठरवले.

स्पीकरमध्ये एका चुंबकाच्या अरुंद गोल फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. ते शंकूच्या मधोमध चिकटवलेले असते. तारेतून उलटसुलट वीज वाहिली की वेटोळे मागेपुढे होते, त्याबरोबर शंकू हलतो आणि हवा ढकलतो. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडात ‘चल कुंडली’ हाच शब्द येतो. एका मुलीने लगेच विचारले, “सर, कुणाची कुंडली?”) राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली ही रचना मूळ स्वरूपात अजून तशीच आहे. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणजे शंकूही तितक्याच वेळा मागेपुढे होतो. चीर असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर आपटतात. फर्रफर्र येते ती तिथून.

गंमत अशी की काहींना हाच आवाज हवा होता. १९५१ साली मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ गाण्याच्या ध्वनिमुद्रणात बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कागद कोंबून काम भागवले गेले आणि तो घोगरा सूर लोकांना आवडला. १९६४ मध्ये इंग्लंडच्या डेव्ह डेव्हिसने तर ब्लेडने शंकू मुद्दाम चिरला. आमच्या कार्यक्रमात मात्र भावगीत होते, तेव्हा शिवण्याला पर्याय नव्हता!

आता दुरुस्ती. प्लग काढला. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक दाब साठून राहतो, म्हणून तसा डबा मुलांनी उघडूच नये. आमचा ट्रान्झिस्टरचा होता. तारा कुठे जोडलेल्या होत्या त्याची खूण करून त्या सोडवल्या. स्क्रू काढताना चुंबक पेचकस खेचून घेतो, आणि तो घसरला तर दुसरे भोक पडते. म्हणून एक हात शंकूवर आडवा धरायचा. मग मीटर लावला. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले, मीटर साडेसहा दाखवतो. हा दोष नव्हे. लिहिलेला आकडा उलटसुलट वाहणाऱ्या विजेसाठी असतो, मीटर एकाच दिशेची वीज सोडतो. शेवटी बोटांनी शंकू चारी बाजूंनी सारखा, हळूच दाबला. खरखर लागली असती तर वेटोळे घासते आहे असे समजून स्पीकर कारागिराकडेच द्यावा लागला असता. खरखर नव्हती.

संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद कामी आला. तो कात्रीने कापायचा नाही, हातानेच फाडायचा. धागे सुटलेली कड अलगद बसते. चिरेच्या कडा पातळ केलेल्या फेव्हिकॉलने जुळवल्या, वर चिरेपेक्षा सेंटिमीटरभर मोठा तुकडा लावला, वाळल्यावर मागूनही एक. मुलांना तिसरा थर हवा होता, आम्ही थांबवले. वजन वाढले की शंकू जड होतो आणि आवाज मंदावतो. झटपट चिकटणारा गोंदही नको, कारण तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या शेजारीच नवी चीर जाते. कडेच्या लवचीक वळीवर चीर असती तर रबरासारखा वाकणारा गोंद लागला असता.

पूर्ण एक दिवस वाळू दिले. मग जाड तार आधी हळू, नंतर जोरात वाजवली. फर्रफर्र गेली होती. ज्याच्या हातून चीर पडली होती त्यानेच संमेलनात साथ केली.

पालकांनी येऊन प्रयोगशाळेत ते गुलाबी ठिगळ जरूर पाहावे. मंजूर रक्कम आम्ही परत केली आहे. विश्वस्तांना एवढीच विनंती, की त्यातून प्रयोगशाळेसाठी एक सोल्डरिंगची कैची आणि दोन मीटर घेऊ द्यावेत. या वेळी मीटर एका पालकांकडून मागून आणला होता.