तुझ्या वाट्याची आक्का

कोरेगाव, जि. सातारा

चि. बाळास,


आक्का गेल्याचं तुला फोनवर कळलंच. मातीला तुला पोचता आलं नाही, सावडायलाही नाही. आता तिच्या लेकाबद्दल, तुझ्या मित्राबद्दल विचारतोस, 'मामा, त्याला काय लिहू?' शाळेच्या ग्रुपवर तुम्ही सगळे हात जोडून मोकळे झालात, म्हणालास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुझं आणि त्याचं नातं तेवढ्यावर भागणारं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, त्याची आई किती थोर होती हे त्याला सांगायला जाऊ नकोस. ते चौकातल्या फ्लेक्सवर लिहून झालंय. 'मायेचा सागर', 'त्यागमूर्ती' आणि खाली गल्लीतल्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. ही वाक्यं कुणाच्याही आईला चालतात. त्यात आक्का कुठंच नाही.

तुझ्याकडे मात्र ती आहे. पोटच्या पोराला आईची एकच बाजू दिसते. तिचा धाक, तिची काळजी, तिचं पहाटेचं 'ऊठ, म्हशी सोड' हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. तू त्या घरातलं पोर नव्हतास आणि परकाही नव्हतास. तो रानात असताना ती तुझ्याशी जे बोलली, ज्यावर हसली, ते त्यानं कधी पाहिलेलं नाही. ते तुझ्याकडे ठेव म्हणून राहिलंय. धनी तो आहे. त्याचं त्याला पोचतं कर. सांत्वन म्हणतात ते एवढंच, बाकी सगळी रीतभात.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या सोप्यात वाघ्या घेवडा पसरलेला असायचा, आठवतं? आक्का सूप मांडीवर घेऊन बसायची. ज्या दाण्यावरच्या तांबड्या रेघा ठसठशीत, तो बियाण्याला बाजूला. फुटका, सुरकुतलेला घरच्या आमटीला. उरलेला बाजारात. बियाण्याला चुलीची राख चोळून गाडग्यात भरायची. आज त्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. पण कागद यायच्या कितीतरी आधीपासून ते बियाणं टिकलं ते असल्या बायकांच्या बोटांनी. तू तिच्यासमोर बसून पाढे म्हणायचास. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती, तरी एकोणतीसच्या पाढ्यात तू चुकलास की मान वर न करता म्हणायची, 'मागनं घे.' तिला आकडा कळत नसे, पण तुझा आवाज दबलेला बरोबर कळायचा. हे तिच्या लेकाला माहीत आहे का? नसणार. त्या वेळी तो म्हशींमागं असायचा. हे त्याला सांग.

आणि गोडगोडच सांगू नकोस. मशेरीचं बोट दातांवर फिरवत ती आळीतल्या बायकांच्या कशा नकला करायची, तेही सांग. रॉकेल जळतंय म्हणून तुमचा डाव ऐन रंगात असताना दिवा मालवायची, त्यावरून तू तिच्याशी तोंडाला तोंड दिलंस, तेही सांग. तो हसला तर हसू दे. सुतकाच्या घरात हसायचं नाही, असा नियम आक्कानं स्वतः कधी पाळला नव्हता.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो. शाळेत दरसाल कर्मवीर जयंतीला ऐकलं असशील, पण या बाजूनं विचार केला नसशील. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या, संस्थेचं मोठं झालेलं रूप पाहायला राहिल्या नाहीत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, ती लेकानं सांगितलेली आई. लक्ष्मीबाईंना मात्र 'रयत माउली' म्हणून ओळखलं गेलं ते त्यांच्या हातचं जेवलेल्या दुसऱ्यांच्या लेकरांमुळं. प्रत्येक आईच्या पोटी लिहिणारा मुलगा येत नाही. पण तिची भाकरी खाल्लेली शेजारची पोरं बहुतेक आयांना असतात. आक्काच्या बाबतीत ते पोर तू आहेस.

एक विचारतो, तिचं नाव तुला माहीत आहे का? आपण जन्मभर आक्का म्हणालो, पोस्टमन अमक्याची आई म्हणायचा, पतसंस्थेच्या पुस्तकात अंगठा. सरकारनं मुलाच्या आणि बापाच्या नावांमध्ये आईचं नाव लावायचं ठरवलं, पण तेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. तुम्हा मागच्या पोरांनी ते आपणहून करायला हवं. मित्राला तिचं नाव विचार, माहेर कुठलं ते विचार, आणि पत्रात एकदा तरी पुरतं लिही. 'तुमच्या मातोश्री' असलं काही लिहू नकोस.

आता येण्याबद्दल. दहाव्याला आलास तर चांगलंच, पण नाही जमलं तर जीवाला लावून घेऊ नकोस. तोपर्यंत घर भरलेलं असतं. चहाच्या किटल्या, पाहुणे, कोण आलं नि कोण नाही याच्या चर्चा. तुझ्याशी दोन शब्द बोलायला त्याला उसंत मिळणार नाही. तेराव्यानंतर सगळे आपापल्या गावी जातात आणि संध्याकाळी भाकरी कुणी टाकायची, इथून सुरुवात होते. त्या आठवड्यात ये. मुक्कामाला ये. हार आणू नकोस.

आलास की त्याच्या कामाला लाग. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला लागते. ती नगरपंचायतीत झाली का, दाखल्याच्या प्रती घेतल्या का, ते बघ. मग सातबाऱ्याची वारसनोंद. इथं तुला जरा सांभाळून बोलावं लागेल. तिळगंगेकडचा रानाचा तुकडा आक्काच्या नावावर आहे, आणि त्यात लेकीचा हिस्सा लेकाइतकाच. आपल्याकडे सुतक फिटतं न फिटतं तोच बहिणीपुढं हक्कसोडपत्र ठेवतात, 'माहेर तुटायला नको' म्हणत. भावकी तुझ्या मित्रालाही तेच शिकवेल. तू त्याला कायदा सांगत बसू नकोस, भांडण लागेल. त्याला एवढंच विचार, की बियाण्याचं एक गाडगं आक्का दरसाल लेकीच्या नावानं वेगळं भरायची, ते कुणी आणि कुठं पोचवायचं? त्यालाच न्यावं लागायचं, एस्टीनं, कुरकुर करत. त्याला आठवेल. मग काय करायचं ते त्याचं तो ठरवेल. आठवणीचा असा उपयोग होत नसेल तर नुसते डोळे पुसून काय करायचं?

मी तुला हे सगळं सांगतोय, तर माझ्याकडची ठेवही आज तुझ्या हवाली करतो. तुला पुण्याला इंजिनिअरिंगला जागा मिळाली त्या दिवशी आक्का आपल्या घरी आली होती. ओच्यात घेवडा, हातात साखरेची पुडी. तुझ्या तोंडात साखर घातली, आलाबला घेतली. तिचा लेक त्याच साली बारावीला नापास झाला होता, पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मी पायरीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा हळूच म्हणाली, 'मास्तर, ह्यो मोठा होईल. पर माझ्या पोराशी बोलत ऱ्हाईल न्हवं?' मी 'राहील की' म्हणालो. तुझ्या वतीनं म्हणालो.

आजवर सांगितलं नाही, कारण बोलणं हे कुणाच्या शब्दाखातर होऊ नये असं मला वाटे. पण अलीकडे तुमचं बोलणं दिवाळी-पाडव्याच्या मेसेजवर आलंय, हे मी दोन्हीकडून ऐकतो. त्याला यातलं काही सांगायची गरज नाही. तू मात्र लक्षात ठेव, आणि दिवसकार्य आटोपलं म्हणजे संपलं असं धरू नकोस. पुढच्या महिन्यात फोन कर, त्याच्या पुढच्या महिन्यातही कर. आल्याचा दर विचार, म्हशीचं विचार. आक्काचा विषय दर वेळी निघायलाच हवा असं नाही.

पत्र मात्र आजच लिही, आणि हातानं लिही.

तुझा,
मामा