नावलौकिक आणि दुसरे वर्ष

अमेरिकेतील मराठी कुटुंबांतून फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी ‘पी. ए.’ म्हणून रूढ झालेल्या व्यवसायाकडे वळू पाहणारी मुलेमुली मला वरचेवर भेटतात, आणि त्यांच्याहून अधिक आग्रहाने त्यांचे आईवडील भेटतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : एकीकडे जगभर कीर्ती असलेले विद्यापीठ आणि दुसरीकडे नात्यागोत्यात कोणी कधी न ऐकलेले विद्यापीठ, अशा दोन ठिकाणी प्रवेश मिळत असता अधिक शुल्क भरून कीर्तीकडे जावे किंवा कसे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयाचा दाखला ज्या समाजात जन्मभर माणसाची ओळख सांगत राहतो, त्या समाजातून आलेल्यांना हा प्रश्न पडावा हे स्वाभाविकच आहे. मी स्वतः एका अत्यंत प्रतिष्ठित विद्यापीठातून ही पदवी घेतली, पुढे पुष्कळ वर्षे रुग्णालयात काम केले, आणि आता निरनिराळ्या ठिकाणांहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हाताखाली घेऊन शिकवते. त्या अनुभवाच्या आधारे माझे उत्तर असे आहे की, या व्यवसायात विद्यापीठाच्या नावास फारच अल्प किंमत आहे, आणि त्या नावाच्या तेजाने इतर गोष्टी दिसेनाशा झाल्या तर विद्यार्थ्याचे खरोखर नुकसान होते.

याचे कारण व्यवसायाच्या घडणीतच आहे. १९६५ साली नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला तो नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून राबलेल्या चार उमेदवारांना घेऊन, आणि १९६७ मध्ये त्यांपैकी तिघे पदवीधर म्हणून बाहेर पडले. ज्यांच्या हातांनी आधीच रुग्णसेवा केलेली आहे त्यांना व्यवस्थित शिक्षण द्यावे, हा त्यामागील हेतू होता. आजही परवाना देणारी राज्याची कचेरी मुख्यत्वे दोन गोष्टी पाहते : उमेदवाराने ‘एआरसी-पीए’ या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पुरा केला आहे काय, आणि ‘पॅन्स’ ही तीनशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा तो उत्तीर्ण झाला आहे काय. परीक्षेला बसणाऱ्याचे विद्यापीठ कोणते याची प्रश्नपत्रिकेस दखल नसते, आणि उत्तीर्ण झाल्यावर नावापुढे जी उपाधी लागते ती सर्वांची सारखीच असते. वृत्तपत्रांतून जिचा मोठा बोलबाला होतो त्या ‘यू. एस. न्यूज’च्या क्रमवारीविषयीही एवढे ध्यानात ठेवावे की, या शाखेपुरती ती केवळ अन्य अभ्यासक्रमांच्या प्रमुखांनी व अध्यापकांनी एकमेकांना दिलेल्या गुणांवर आधारलेली असते. किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती मध्येच गळाले, रुग्णांजवळ त्यांना काय शिकावयास मिळाले, यांचा त्या गणितात समावेश नसतो.

आता माझा स्वतःचा अनुभव. आमच्या विद्यापीठाची कीर्ती शतकाहून जुनी होती, परंतु तेथील पी. ए.चा अभ्यासक्रम अगदी नवा, तात्पुरत्या मान्यतेवर चालणारा होता. आणि संस्थेचे वय व अभ्यासक्रमाचे वय या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे प्रवेशाच्या वेळी कोणीही आम्हांस समजावून सांगितले नाही. पहिले वर्ष उत्तम गेले. शरीररचना, औषधशास्त्र, रोगनिदान हे सारे विषय शिकवणारे प्राध्यापक विद्वान होते आणि त्यांनी मन लावून शिकवले. दुसरे वर्ष रोटेशनचे, म्हणजे कुटुंबवैद्यक, अंतर्वैद्यक, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीआरोग्य, तातडीची सेवा आणि मानसिक आरोग्य अशा विभागांतून काही आठवड्यांच्या पाळ्यांनी प्रत्यक्ष रुग्णांत काम करण्याचे; आणि हा व्यवसाय शिकला जातो तो त्या वर्षात. आमच्या विद्यापीठाच्या भव्य रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती प्रथम प्रशिक्षणार्थी शल्यचिकित्सक उभे राहत, त्यांच्या मागे वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि त्यांच्याही मागे आम्ही. पाळीच्या पाळी सरली तरी जखमेला टाका घालण्याची संधी माझ्या वाट्याला आली नाही. स्त्रीआरोग्याची पाळी कोठे होणार हे सुरू होण्याच्या ऐन तोंडावर कळले, आणि ती दुसऱ्या राज्यात निघाल्यामुळे एकाच वेळी दोन घरांचे भाडे भरावे लागले. माझ्या एका सहाध्यायिनीला तर कचेरीतून असे सांगण्यात आले की, तिने आपला प्रिसेप्टर, म्हणजे रुग्णांजवळ उभे राहून शिकवणारा डॉक्टर अथवा पी. ए., स्वतःच शोधावा. विद्यार्थ्यांवर असा भार टाकण्यास मान्यतेच्या नियमांनी स्पष्ट मनाई केलेली आहे, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा समजली.

याच काळात मला खरे शिक्षण मिळाले ते एका लहान गावातील रुग्णालयात, जेथे माझ्या पुढे रांगेत कोणी नव्हते आणि जेथील वृद्ध डॉक्टर प्रत्येक रुग्णाकडे प्रथम मला पाठवून नंतर माझे निदान शांतपणे ऐकून घेत. तेथे भेटलेले दुसऱ्या एका अल्पपरिचित विद्यापीठाचे विद्यार्थी माझ्याहून सफाईने टाके घालत, कारण त्यांचा अभ्यासक्रम वीसेक वर्षे त्याच परगण्यातील डॉक्टरांशी स्नेह राखून होता. माझ्या पहिल्या नोकरीची शिफारसही त्या वृद्ध डॉक्टरांनीच केली. मुलाखतीत माझ्या विद्यापीठाविषयी एक प्रशंसोद्गार निघाला खरा, पण पुढील सर्व प्रश्न मी काय काय हाताळले आहे याविषयीच होते.

म्हणून प्रवेशाचा निर्णय करण्यापूर्वी मान्यतेची सद्यःस्थिती पाहावी : ती तात्पुरती आहे, कायम चालू आहे, की अभ्यासक्रम परिवीक्षेवर आहे. हे सारे जाहीर असते. नवा अभ्यासक्रम म्हणून तो सर्वथा त्याज्य ठरत नाही, परंतु अशा ठिकाणी प्रश्न अधिक विचारले पाहिजेत. पॅन्सच्या निकालांचा पाच वर्षांचा तक्ता आणि विद्यार्थ्यांच्या गळतीचा तक्ता हे दोन्ही प्रत्येक अभ्यासक्रमास प्रसिद्ध करावे लागतात, आणि ते शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत. कारण देशभरात पहिल्याच प्रयत्नात सुमारे दहापैकी नऊ उमेदवार उत्तीर्ण होत असल्यामुळे नुसती उत्तीर्णांची टक्केवारी फारसे काही सांगत नाही, आणि दुबळे विद्यार्थी वाटेतच गाळून टाकणाऱ्या संस्थेचा निकाल साहजिकच झळाळतो. ज्या मुलाला अर्ध्या वाटेवर परत पाठवले गेले त्याचे कर्ज मात्र तसेच राहते.

कर्जाचा विचार तर आता अधिकच काटेकोरपणे करावयास हवा. अनेक ठिकाणी या शिक्षणाचे केवळ शुल्कच एक लाख डॉलरांच्या आसपास वा त्यापलीकडे जाते. २०२५ च्या जुलैत संमत झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज बंद होते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यास वर्षाला २०,५०० व एकूण १,००,००० डॉलर, तर कायद्याच्या दृष्टीने ‘व्यावसायिक’ ठरणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यास वर्षाला ५०,००० व एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा पडते. आपला अभ्यासक्रम यांपैकी कोणत्या वर्गात धरला जातो हे संस्थेच्या अर्थसाहाय्य कचेरीकडून लेखी घ्यावे, आणि उरलेली रक्कम खाजगी सावकारीतून कोणत्या व्याजाने उभी राहील याचा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून मांडावा. नावापोटी द्याव्या लागणाऱ्या जादा रकमेचा हप्ता पगारातून महिनोन्महिने वजा होत राहतो. उलट एकाच रुग्णालयात समान अनुभवाच्या दोन पी. ए.ना विद्यापीठ पाहून निराळे वेतन मिळाल्याचे मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही.

ज्यास पुढे अध्यापन वा संशोधन करावयाचे आहे त्याला मोठ्या विद्यापीठातील परिचयांचा लाभ होतो, हे मी नाकारीत नाही. आणि जेथे पी. ए.च्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा राखून ठेवलेल्या आहेत असे एखादे मोठे रुग्णालय शिक्षणाचे उत्तम स्थान ठरू शकते. भारतातून येऊ इच्छिणाऱ्यांस मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते : आपल्याकडे या विषयाचे शिक्षण १९९२ पासून, प्रथम चेन्नईत, सुरू आहे, तथापि भारतातील पी. ए.ची पदवी अथवा एम. बी. बी. एस., कितीही नामांकित संस्थेची असली तरी, पॅन्सला बसण्याचा अधिकार देत नाही. त्यासाठी एआरसी-पीएची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम पुरा करावा लागतो.

प्रवेशाचे पत्र आल्यावर जागा राखण्यासाठी अनामत रकमेचा तगादा थोड्याच दिवसांत सुरू होतो, आणि ती रक्कम बहुधा परत मिळत नाही. त्या मुदतीत संस्थेकडून दुसऱ्या वर्षाच्या निदान दोन विद्यार्थ्यांची गाठ घालून मागावी आणि त्यांना विचारावे की, त्यांच्या पाळ्या कोणत्या गावांत झाल्या, किती आधी कळवल्या गेल्या, शेवटच्या क्षणी किती बदलल्या, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च कोणी सोसला, प्रिसेप्टर शोधण्यास त्यांना कधी सांगण्यात आले काय, आणि शस्त्रक्रियेच्या पाळीत त्यांच्या स्वतःच्या हातांनी काय झाले. संस्था अशी गाठ घालून देण्यास टाळाटाळ करील तर अनामत भरू नये.