अजब बंगल्यात अंधार का असतो?

मूल आणि आसपासच्या शाळांतील मुलांना मोठे संग्रहालय पाहायचे असेल, तर नागपूर गाठावे लागते. सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. सकाळी निघालेली सहल जेवण आटोपून मध्यवर्ती संग्रहालयात शिरते आणि तासाभरात बाहेर पडते, कारण पुढे महाराजबाग असते, तलाव असतो. घरी आल्यावर 'काय पाहिलेत?' असे विचारावे, तर उत्तर मिळते, 'पेंढा भरलेली जनावरे, मूर्ती, आणि आत फार अंधार होता!'

जनावरे ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना नवी नाहीत. पण अंधार ज्याच्या लक्षात राहिला, त्याने खरोखर काहीतरी पाहिले आहे, असे मी समजतो. त्या अंधारापासूनच सुरुवात करू.

हे संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. मध्य प्रांताचे त्या वेळचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेम्पल यांनी ते स्थापन केले. लोकांनी त्याला 'अजब बंगला' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. पुढच्या वेळी आत शिराल तेव्हा एक निरीक्षण करा. दगडी मूर्ती कोठे ठेवल्या आहेत? जुनी चित्रे, वस्त्रे, पिसे लावलेल्या वस्तू कोठे आहेत? दोन्हींवर सारखाच प्रकाश पडतो का?

दगडाला प्रकाशाचे भय नाही. रंगाला आणि धाग्याला आहे. प्रकाश लहान लहान पुड्यांनी येतो, त्यांना आपण फोटॉन म्हणतो. एका फोटॉनची ऊर्जा काढायची सोपी रीत अशी: १२४० या संख्येला तरंगलांबीने (नॅनोमीटरमध्ये) भागा, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ७०० घेतली, तर उत्तर सुमारे १.८ येते. जांभळ्यासाठी ४०० घेतली, तर ३.१. डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांसाठी ३५० घेतली, तर साडेतीनच्या वर. आता कापूस, कागद, लाख, नीळ अशा पदार्थांत कार्बनचे अणू एकमेकांना धरून असतात. दोन कार्बन अणूंचा साधा बंध तोडण्यास सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, कार्बन आणि नायट्रोजनचा बंध त्याहून थोडक्यात तुटतो. म्हणजे तांबड्या प्रकाशाचा एकेक फोटॉन असा बंध तोडायला अपुरा पडतो. अतिनील फोटॉन मात्र एकटाच ते काम करून जातो. (प्रत्यक्षात रंगद्रव्ये दृश्य प्रकाशानेही हळूहळू विटतात, कारण प्रकाशाने उत्तेजित झालेला रेणू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. पण मोठा वैरी अतिनीलच.)

आता किती प्रकाश चालेल? प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मोजतात. एक मेणबत्ती एक मीटरवरून साधारण १ लक्स प्रकाश देते. नाजूक वस्त्रे आणि जलरंगातील चित्रे यांवर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये, असा संकेत जगभरची संग्रहालये पाळू पाहतात. मेणबत्ती किती जवळ आणली म्हणजे ५० लक्स होतील? व्यस्त वर्गाचा नियम लावा. उत्तर येते सुमारे १४ सेंटिमीटर. आणि उन्हाळ्यात भर दुपारी आपल्या मूलच्या अंगणात? सुमारे १,००,००० लक्स!

रंगाचे नुकसान स्थूलमानाने लक्स आणि तास यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. उन्हातील एक तास म्हणजे १,००,००० लक्स-तास. ५० लक्सच्या दालनात तेवढा गुणाकार व्हायला २००० तास लागतील. दालन रोज सात तास आणि आठवड्यातून सहा दिवस उघडे असते असे धरले, तर ४२ तासांचा आठवडा झाला. २००० भागिले ४२ करा. सुमारे ४८ आठवडे! अंगणातील एक तास म्हणजे दालनातील जवळजवळ एक वर्ष. त्यातून उन्हातील अतिनील किरणांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. आजीचे लुगडे सावलीत वाळत घालण्यामागे हेच शास्त्र आहे.

मग आपल्याला तेथे दिसत का नाही? कारण आपण उन्हातून सरळ आत जातो. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण तिचा व्यास फार तर दोन मिलिमीटरवरून सात-आठ मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे क्षेत्रफळ पंधरा-सोळा पट. खरे काम डोळ्याच्या पडद्याला करावे लागते आणि त्याला पाच-दहा मिनिटे हवीत. तेवढा वेळ त्या दालनात नुसते बसून राहा. शिक्षकांनी मुलांना घाई करू नये. पाहिजे तर एखादे दालन गाळावे.

दुसरी तक्रार काचेची. आत वस्तूऐवजी आपलेच तोंड दिसते. काचेच्या एका पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो, दोन पृष्ठांचा मिळून आठ टक्के. तुमचा गणवेशाचा पांढरा सदरा प्रकाशाचा ऐंशी टक्के भाग परत टाकतो असे धरा. ऐंशी टक्क्यांचे आठ टक्के म्हणजे ६.४. काचेमागची काळपट तांब्याची वस्तू जेमतेम पाच टक्के परत टाकते आणि तो प्रकाशही काचेतून येता-जाता घटतो. म्हणजे वस्तूपेक्षा तुमचा सदराच जास्त उजळ! उपाय फुकटचा आहे. छातीशी काळा पुठ्ठा किंवा काळी छत्री उघडून धरा आणि पाहा.

तांब्याच्या वस्तूंचा उल्लेख मुद्दाम केला. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणले तेव्हा ४२४ तांब्याची हत्यारे आणि १०२ चांदीचे पातळ पत्रे निघाले. तांबेच सुमारे पावणेचारशे किलो भरले. या ठेव्यातील काही वस्तू लंडनला गेल्या, काही नागपूरच्या या संग्रहालयात आल्या. ही मुले तुमच्यासारखीच, कदाचित तुमच्याहून लहान असतील. पुढे १८७८ साली कायदा झाला. जमिनीत अशी मौल्यवान वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

आता अंधारात डोळे सरावले असतील, तर वस्तूखालची चिठ्ठी वाचा. बहुतेक जण वस्तू पाहतात आणि चिठ्ठी सोडतात. माझ्या मते चिठ्ठी ही निम्मी वस्तू असते. का, ते आपल्याच जिल्ह्यातील एका उदाहरणावरून सांगतो.

वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचे गाव आहे. नागपूरला राहणारे स्टीफन हिस्लॉप या मिशनरी गृहस्थांना दगडांचा फार नाद होता. पिजदुऱ्याच्या शिवारातील प्रचंड हाडांकडे त्यांनी लक्ष वेधले. (१८६३ मध्येच टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून वारले.) तेथे हाडांबरोबर काही विचित्र गोळेही मिळतात. ते गोळे म्हणजे दगड बनलेली विष्ठा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरच्या काळातील.  मग २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत गवताचे अवशेष होते.

धान कापताना पातीने बोट चिरते, हा अनुभव मूलच्या मुलांना सांगायला नको. गवताच्या पानात वनस्पती सिलिकाचे सूक्ष्म खडे साठवते आणि प्रत्येक कुळाच्या खड्यांचा आकार वेगळा असतो. पान कुजते, खडा राहतो. त्या विष्ठेत असे खडे सापडले. डायनोसॉरच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, असे तोपर्यंत मानले जाई! २०११ मध्ये याच गटाने आणखी पुढे जाऊन भाताच्या कुळाशी नाते सांगणारे खडेही ओळखले. भात नव्हे, भाताचे कुळ; हा फरक ध्यानात ठेवा. तरी आपल्या धानाच्या जिल्ह्यातून ही बातमी यावी याचे मला फार कौतुक वाटते.

आता विचार करा. कोणी हौशी मुलाने असा एखादा गोळा उचलून दप्तरात टाकला, घरी फळीवर ठेवला आणि कोठून आणला ते विसरला. गोळा तोच राहील. त्यातील खडेही तेच. पण तो कोणत्या थरातला, हे हरवले की तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे हे सांगणार कोण? कपाटात उरेल तो एक दगड. म्हणून अशा जागी उचलू नका. पट्टी शेजारी ठेवून चित्र काढा, जागा आणि तारीख लिहा, शिक्षकांना दाखवा. सिरोंचाकडे वडधमला गेलात, तर तेथेही हाच नियम.

साठवायचेच असेल तर घरातून सुरुवात करा. धान मोजायची जुनी पायली अजून कोणाकडे तरी असेल. शाळेत आणा, काठोकाठ पाणी भरा, मोजपात्राने आकारमान काढा. पायली लाकडी असेल तर पाण्याऐवजी कोरडी बारीक वाळू घ्या. दोन गावांच्या पायल्या सारख्या भरतात का? वहीत वस्तूचे नाव, कोणी दिली, कोणत्या गावची, केव्हा वापरात होती, हे लिहा आणि मगच ती फळीवर ठेवा.

आणखी एक संग्रहालय जवळ आहे, त्याला छप्पर नाही. वैनगंगा ओलांडून चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला जा. येथे नदी उत्तरेकडे वळते आणि काठावर दगडी मंदिरांचा समूह आहे. १८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याचे वर्णन लिहिले. येथे काच नाही, अंधार नाही, पण वेळ निवडावी लागते. पुष्कळांना वाटते की पूर्वेच्या भिंतीवरची शिल्पे सूर्योदयाला चांगली दिसतील. तसे होत नाही. सूर्य १५ अंशांवर असताना दोन सेंटिमीटर पुढे आलेल्या भागाची सावली भिंतीवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर पडते आणि शिल्प सपाट भासते. तोच सूर्य ६० अंशांवर गेला की सावली साडेतीन सेंटिमीटर होते आणि बोटांची पेरेसुद्धा उठून दिसतात. पश्चिमेच्या भिंतीसाठी कोणती वेळ बरी, ते तुम्हीच काढा. उत्तर पडताळायचे असेल तर रात्री घरच्या भिंतीवर एक नाणे चिकटवा आणि बॅटरी आधी समोरून, मग भिंतीला घासून धरून पाहा.