माळरान : जमा की नावे?

(द्वितीय वर्ष वाणिज्य)

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्याला कोणतीही बाब समोर आली की ती जमेची की नावेची, हे विचारण्याची सवय लागते. जमिनीच्या बाबतीत मात्र आपण घाई करतो. शेत जमेला, जंगल जमेला. पण पीक नाही, झाड नाही, अशा माळरानाला 'पडीक' म्हणून मोकळे होतो. ही नोंद तपासून पाहू.

युरोपात अशा उघड्या, निकस जमिनीला 'हीथ' म्हणतात. तिथे 'हेदर'ची बुटकी झुडपे वाढतात. गुरे चरत राहिली, लोक सरपण तोडत राहिले, म्हणून ती शतकानुशतके उघडी राहिली. चराई थांबली की झाडे शिरतात आणि हीथ नाहीसे होते. आपल्याकडे हेदर नाही, पण तशीच उघडी भूमी आहे. मराठीत तिला माळरान किंवा कुरण, गुजरातीत वीडी आणि कन्नडात कावलु म्हणतात.

सुरतेहून खंभातचे आखात ओलांडले की भावनगर जिल्हा लागतो. तेथील वेळावदर ही अशीच एक वीडी. भावनगरचे संस्थानिक तिथे शिकवलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत. १९७६ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर.

या लहानशा जागेचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. गवताचे भांडवल जमिनीखाली, मुळांत असते. उन्हाळ्यात वरचे पाते वाळले तरी पहिल्या पावसात ते पुन्हा फुटते. त्यावर काळवीट जगते आणि काळविटावर लांडगा. काळविटाचा बचाव म्हणजे दूरवर नजर आणि वेगवान धाव. दोन्हींना मोकळे रान हवे. पावसाळ्यात तणमोर उंच गवतात घरटे करतो. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर नाकतोडे टिपतात आणि संध्याकाळी शेकड्यांनी गवतातच, जमिनीवर मुक्कामाला उतरतात.

मग तोटा कशाने होतो? झाडांनी! परदेशातून आणलेली वेडी बाभूळ इथे पसरते. तिच्या गोड शेंगा जनावरे खातात, लेंड्यांतून बी सर्वत्र पडते आणि दाट झुडपांखाली गवत मरते. म्हणून वेळावदरला ती उपटावी लागते. कर्नाटकात राणेबेन्नूर येथे १९७४ साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. पण तेथील माळावर निलगिरीची लागवड झाली होती. पूर्वी तिथे दिसणारा माळढोक आज दिसत नाही.

वृक्षारोपण हे सत्कार्यच आहे. उजाड झालेल्या डोंगरावर, रस्त्याच्या कडेला, कॉलेजच्या आवारात झाडे जरूर लावावीत. पण पावसाळ्यात रोपे घेऊन माळावर जाण्यापूर्वी तिथे कोणते गवत आहे, कोणाची गुरे चरतात, कोणते पक्षी उतरतात, हे गुराख्याला विचारावे. खाते न तपासता फिरवलेली नोंद माळाला फार महागात पडते.