जेटवरचा आकडा

आमच्याकडे जुनी चेतक आहे, पेट्रोलची. हे मॉडेल १९७२ साली निघाले. आता ते तयार होत नाही.

जव्हार-मोखाडा रस्त्याला धूळ फार. जुना एअर फिल्टर, म्हणजे हवा गाळणारी चाळण, धुळीने बुजून गेला. आम्ही बाजारातून दुसऱ्या बनावटीचा, मोकळा फिल्टर आणून बसविला. गाडी झकास पळू लागली. आम्ही खूष! पण मोखाड्याच्या चढावर इंजिन तापले आणि जाम झाले.

असे का झाले? हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले. पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते. शिवाय या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. म्हणजे पिस्टनला ऑइलही कमी पडले.

पेट्रोल कार्बुरेटरमधल्या जेटमधून येते. जेट म्हणजे भोक असलेला छोटा पितळी स्क्रू. त्यावर आकडा असतो. आकडा मोठा, तर भोक मोठे. तो इंग्रजीत असतो, तेवढे आकडे शिकून घ्या. मिस्त्री देईल तो जेट आधी वाचून पाहा. आम्ही वाचला नाही. चष्मा घरी राहिला होता!

मोकळी चाळण लावली, तर आधी दोन-तीन नंबर मोठा जेट घाला. चढ चढून गाडी बंद करा. प्लग निवला की काढून बघा. बिडी लांब ठेवा. प्लगचे टोक काळे, ओलसर दिसले, तर पेट्रोल जास्त होते आहे. एकेक नंबर खाली या. पांढरे दिसले, तर तशी गाडी हाकू नका, जेट वाढवा. तपकिरी दिसले की जमले.

आणि जेटचे भोक तारेने कोरू नका. मग त्यावरचा आकडा खोटा होतो.