सिग्नल बोलतो, गाडी ऐकते

मुलांनो, आपल्या विश्रांतवाडीच्या नावातच विश्रांती आहे. पण इथला मुख्य चौक क्षणभरही विश्रांती घेत नाही. आळंदीकडून येणाऱ्या बस, धानोरीकडे वळणाऱ्या रिक्षा, विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी सारख्या ये-जा करत असतात. अशा रस्त्यावर अचानक कोणी आडवे आले, तर चालक ब्रेक दाबतो आणि बस काही पावलांत थांबते. आगगाडीचे तसे नाही. भरधाव निघालेली गाडी थांबवायला सुमारे एक किलोमीटरही लागू शकतो. समोरचा धोका दिसल्यावर ब्रेक लावला, तर उशीर झालेला असतो. म्हणून धोका दिसण्याआधीच तो चालकाला कोणीतरी सांगावा लागतो. हे काम सिग्नल करतो.

'इशारा' हा शब्द तुम्हाला उर्दूतून माहीत आहे. उर्दूत इशारा म्हणजे खूण. मराठीत मात्र इशारा म्हणजे सावध करण्यासाठी दिलेली सूचना. रेल्वेचा सिग्नल या दोन्ही अर्थांनी इशारा आहे. तो खूणही करतो आणि सावधही करतो.

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १८५८ साली रेल्वे पुण्याला पोहोचली. त्याच्या काही वर्षे आधी, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला, चार्ल्स हटन ग्रेगरी या इंग्रज अभियंत्याने रेल्वेसाठी हाताचा सिग्नल वापरात आणला होता. उंच खांबावर एक लांब पट्टी असे. तिलाच सिग्नलचा 'हात' म्हणत. हात आडवा असला म्हणजे 'थांबा'. आपल्याकडील जुन्या सिग्नलमध्ये हात खाली झुकला म्हणजे 'जा'. गाडी येण्याची वेळ झाली की लोक म्हणत, "सिग्नल पडला!" नंतर वर उचलल्या जाणाऱ्या हाताचे सिग्नल आले. आता बहुतेक ठिकाणी रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे सावधपणे पुढे जा आणि पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा. हिरवा म्हणजे जा. तीन दिव्यांच्या सिग्नलमध्ये लाल दिवा सर्वांत खाली असतो, कारण तिथे तो चालकाच्या नजरेच्या जवळ येतो.

पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. भाऊ जोशी या हौशी गृहस्थांनी अनेक वर्षे मेहनत करून ते उभे केले. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. तिथे छोटे रूळ आहेत, उड्डाणपूल आहेत, छोटेसे शहर आहे आणि चालणारे सिग्नलही आहेत. अशा छोट्या गाड्या जगात बऱ्याचदा १:८७ या प्रमाणात बनवतात. म्हणजे खरी वस्तू ८७ सेंटिमीटर असेल, तर प्रतिकृती १ सेंटिमीटरची. तशी विकतची गाडी महाग असते. आपण पुठ्ठ्याची गाडी बनवू. पण तिचा सिग्नल मात्र खऱ्यासारखा काम करणारा बनवू.

पहिली कृती : हाताचा सिग्नल

वीस सेंटिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी करा. पोस्टकार्डासारख्या जाड कागदाची आठ सेंटिमीटर लांब व एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. हा झाला सिग्नलचा हात. तो लाल रंगवा आणि टोकाजवळ एक पांढरा उभा पट्टा काढा. हाताचे सहा सेंटिमीटर खांबाच्या डाव्या बाजूला आणि दोन सेंटिमीटर उजव्या बाजूला येतील, अशा रीतीने तो टाचणीने खांबावर सैलसर बसवा. डाव्या भागाच्या खाली दुसरी टाचणी टोचा, म्हणजे हात आडवा होऊन तिच्यावर टेकेल. उजव्या आखूड टोकाला दोरा बांधा.

दोरा खाली ओढा. हात वर उचलला जाईल. दोरा सोडा. लांब बाजू जड असल्यामुळे हात पुन्हा आडवा होईल. आता हात वर असताना तो दोरा कात्रीने कापून टाका. काय झाले? हात आपोआप आडवा झाला, म्हणजे 'थांबा' झाला.

हाच सिग्नलचा सर्वांत मोठा कायदा आहे. यंत्र बिघडले, तार तुटली, तरी सिग्नलने 'थांबा' असेच म्हटले पाहिजे. खोटा लाल दिवा लागला तर गाडीला उशीर होतो. खोटा हिरवा दिवा लागला तर माणसे मरतात.

दुसरी कृती : आपोआप बदलणारा दिवा

१८७२ साली अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी एका युक्तीचे पेटंट घेतले. त्यांनी रुळांतूनच विजेचा प्रवाह सोडला. गाडी रुळावर आली की तिच्या लोखंडी चाकांमुळे दोन्ही रूळ जोडले जातात आणि सिग्नलला ते कळते. आपण तेच करू.

साहित्य : ९० सेंटिमीटर लांब फळी, चपात्या गुंडाळण्याची चंदेरी फॉइल, सहा पेन्सिल सेल व त्यांचा डबा, ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, ६ व्होल्टचा रिले (कॉइलचा रोध १०० ओहम), ६८ ओहमचा २ वॅटचा रोधक, ६८० ओहमचा साधा रोधक, एक लाल व एक हिरवा एलईडी, ड्रॉइंग पिना, कागदाच्या क्लिपा आणि वायर. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विजेचे असले सामान मिळते. जाताना घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या.

फॉइलच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या फळीवर समांतर चिकटवा. हे आपले रूळ. फळीच्या मध्यावर ४० सेंटिमीटरचा भाग दोन्ही बाजूंच्या फॉइलपासून वेगळा करा. त्यासाठी दोन्ही टोकांना एक-एक सेंटिमीटर फॉइल कापून टाका. खऱ्या रुळांतही असे भाग वीज न वाहणाऱ्या जोडाने वेगळे केलेले असतात. अॅल्युमिनियमला साधे सोल्डर चिकटत नाही, म्हणून वायरी ड्रॉइंग पिनेने फॉइलवर घट्ट दाबून बसवा.

आता जोडणी नीट लक्ष देऊन करा. सहा सेल मिळून ९ व्होल्ट होतात. सेलचे धन टोक ६८ ओहमच्या रोधकातून मधल्या भागातील पहिल्या रुळाला जोडा. ऋण टोक दुसऱ्या रुळाला जोडा. या भागाच्या दुसऱ्या टोकाला रिलेची कॉइल दोन्ही रुळांच्या मध्ये जोडा. रूळ रिकामे असताना प्रवाह रोधकातून, पहिल्या रुळातून, कॉइलमधून आणि दुसऱ्या रुळातून सेलकडे परततो. रिले 'टक्' असा आवाज करून ओढला जातो.

दिव्यांसाठी वेगळी बॅटरी वापरा. चौकोनी बॅटरीचे धन टोक ६८० ओहमच्या रोधकातून रिलेच्या मधल्या, म्हणजे सामाईक, संपर्काला जोडा. रिले ओढलेला असताना जो संपर्क जोडला जातो, त्याला हिरवा एलईडी जोडा. रिले सुटलेला असताना जो संपर्क जोडलेला असतो, त्याला लाल एलईडी जोडा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला ठेवा. दोन्ही आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला न्या.

६८० ओहमच का? एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात. ९ मधून २ गेले, ७ उरले. ७ ला ६८० ने भागले, तर सुमारे ०.०१ अँपिअर येतात. एवढा प्रवाह एलईडीला पुरतो. रोधक न लावता जोडला, तर एलईडी जळून जाईल.

पुठ्ठ्याचा डबा बनवा आणि दोन्ही रुळांना टेकेल अशी फॉइल त्याच्या खाली लावा. डबा मधल्या भागावर ढकला. फॉइलमुळे दोन्ही रूळ जोडले जातात. प्रवाहाला सोपी वाट मिळते. तो कॉइलकडे जात नाही. रिले सुटतो आणि लाल दिवा लागतो. डबा पुढे गेला की पुन्हा हिरवा. डबा भागात असेपर्यंत ६८ ओहमचा रोधक गरम होईल, म्हणून त्याला हात लावू नका आणि डबा फार वेळ तिथे ठेवू नका.

तिसरी कृती : सांधा आणि सिग्नल यांची मैत्री

गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणाऱ्या रुळांच्या जोडाला सांधा म्हणतात. मधल्या भागाच्या पुढे पुठ्ठ्याची एक पट्टी एका टोकाला टाचणीने बसवून सांधा तयार करा. तिच्या हलत्या टोकाला कागदाची क्लिप लावा. सांधा मुख्य मार्गाकडे असेल, तेव्हाच ही क्लिप फळीवरील एका ड्रॉइंग पिनेला टेकली पाहिजे. आता रुळाकडून कॉइलकडे जाणारी एक वायर मध्येच कापा. तिचे एक टोक क्लिपला आणि दुसरे पिनेला जोडा.

सांधा बाजूच्या मार्गाकडे वळवला की क्लिप पिनेपासून दूर जाते, प्रवाह तुटतो आणि लाल दिवा लागतो. म्हणजे सांधा चुकीच्या बाजूला असताना मुख्य मार्गाचा हिरवा दिवा लागूच शकत नाही. रेल्वेत या व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात.

परीक्षा

सिग्नल तयार झाला, असे लगेच म्हणू नका. त्याची परीक्षा घ्या.

१. रूळ रिकामे, सांधा सरळ : हिरवा.
२. रुळावर डबा : लाल.
३. सांधा वळवलेला : लाल.
४. रुळांच्या डब्यातील एक सेल काढला : लाल.
५. कॉइलची कोणतीही एक वायर सोडवली : लाल.

दिव्यांची बॅटरी संपली, तर एकही दिवा लागणार नाही. अशा वेळी काय समजायचे? विझलेला सिग्नल म्हणजे परवानगी नव्हे. तो लाल आहे असेच मानायचे.

आता एक प्रयोग मुद्दाम करून पाहा. क्लिपची वायर आणि पिनेची वायर एकमेकींना थेट जोडा आणि सांधा बाजूला वळवा. हिरवा दिवा लागलेलाच राहील! तुटलेल्या वायरीपासून आपला सिग्नल आपल्याला वाचवतो; पण चुकीच्या जागी जोडलेल्या वायरीपासून तो वाचवू शकत नाही. तिथे माणसाची दक्षताच कामी येते.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकात असेच घडले. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता. पण सांधा बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. त्या मार्गावर मालगाडी उभी होती. या अपघातात २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सिग्नलच्या वायरींच्या जोडणीत बदल करताना झालेल्या चुका चौकशीत आढळल्या. गाडीच्या चालकाने हिरव्या सिग्नलवर विश्वास ठेवला होता. प्रवाशांनी गाडीवर विश्वास ठेवला होता. त्या सगळ्यांचा विश्वास काही वायरींवर उभा होता.

म्हणून मुलांनो, तुमची प्रतिकृती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवाल, तेव्हा दिवे कसे लागतात एवढेच पाहुण्यांना दाखवू नका. एक वायर सोडवून दाखवा आणि सिग्नल लाल होतो, हे त्यांना पाहू द्या. उद्या तुमच्यापैकी कोणी रेल्वेत काम करील, कोणी घरांची वायरिंग करील, कोणी रुग्णालयातील यंत्रे दुरुस्त करील. काम कोणतेही असो, ते पूर्ण झाल्यावर स्वतःला विचारा, "हे बिघडले, तर लाल होईल की हिरवे?"

ध्यानात ठेवा : घरातील विजेच्या बोर्डाला ही प्रतिकृती कधीही जोडू नका. खरे सिग्नल पाहायचे असतील, तर खडकी किंवा पुणे स्थानकाच्या फलाटावरून पाहा. रुळांवर उतरू नका.

शब्दार्थ

भरधाव – अतिशय वेगाने. प्रतिकृती – नमुना, हुबेहूब लहान रूप. हौशी – शौकीन. रोधक – विजेचा प्रवाह कमी करणारा भाग. सामाईक – दोघांचा मिळून असलेला. दक्षता – खबरदारी.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तीन दिव्यांच्या सिग्नलमध्ये लाल दिवा सर्वांत खाली का असतो?
(आ) विझलेल्या सिग्नलचा अर्थ काय मानायचा?

२. कारणे द्या.
(अ) दोरा कापल्यावर सिग्नलचा हात आडवा होतो.
(आ) रुळांवर डबा येताच रिले सुटतो.

३. रूळ गंजले किंवा डब्याखालच्या फॉइलवर धूळ बसली, तर आपला सिग्नल काय दाखवील? ते धोक्याचे का आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.

४. 'इशारा' या शब्दाचा उर्दू अर्थ आणि मराठी अर्थ दाखवणारी दोन वेगळी मराठी वाक्ये तयार करा. 'इशारा' या शब्दाप्रमाणे उर्दूत आणि मराठीत वेगळा अर्थ असलेला आणखी एक शब्द शोधा.